बंदरावर गेलेला मुराळी

आमच्याकडे लेक सणाला आपल्या पायांनी माहेरी येत नाही. तिला आणायला माणूस जावा लागतो. त्याला मुराळी म्हणतात. बहुतेक वेळा भाऊ जातो, भाऊ नसला तर चुलतभाऊ, तोही नसला तर बाप. मुराळी दारात आला की सासू तोंड वाकडं करून का होईना, सुनेला पिशवी भरू देते. आणि मुराळी रिकामा परतला तर गावात बोभाटा होतो. आता सगळं बदललं, पोरी शेलूबाजारहून जीपमध्ये बसून, मोबाइलवर बोलत बोलत स्वतःच येऊन टपकतात. पण आपल्याला न्यायला कोणी आलं नाही, हे मनात धरून बसणाऱ्या लेकी अजून आहेत. त्यातली एक माझी. ती आयर्लंडमध्ये एका बंदराच्या गावात म्हाताऱ्या माणसांच्या आश्रमात नर्स आहे.

तिची आई जाऊन तीन वर्षं झाली होती आणि त्या तीन वर्षांत ती एकदाही घरी आली नव्हती. दर दिवाळीला मी फोनवर 'ये' म्हणायचो, ती 'पाहू' म्हणायची. तिसऱ्या वर्षी दसऱ्याच्या बऱ्याच आधी मी चिडलो. मी चिडतोच, माझी बायको म्हणायची की या माणसाच्या नाकावरची माशी उठायच्या आत राग उठतो. मी म्हणालो, "बापाचं घर हाये का धर्मशाळा? यायचं नसन तर सांग तसं." मग ती म्हणाली, "न्याले कोण आलं होतं, बाबा?"

थट्टेत म्हणाली असेल. पण थट्टा ऐकून सोडून देणं माझ्या रक्तात नाही. मी पासपोर्टच्या मागे लागलो. कागद तिनंच पाठवले, जावयानं तिकीट काढलं. मालेगावजवळचा माझा मळा, त्यातली वांगी, मेथी आणि सांबार (बाकीचा महाराष्ट्र त्याला कोथिंबीर म्हणतो) शेजाऱ्याच्या हवाली केलं. त्याला वाटलं, मी तीर्थाला चाललो. मी म्हणालो, "मुराळी म्हणून चाललो." तो म्हणाला, "इतक्या दूर? मंग लेक तरी आणजा, नाई तं हसू होईन." जाताना मी कुरड्या, सांडगे, तिळाची चटणी आणि घरचं तूप घेतलं होतं. तूप तिथल्या विमानतळावर काढून घेतलं. मी त्या पोराला मराठीत जे बोललो ते त्याला कळलं नाही, हे त्याचं नशीब.

बसनं पाच तास. शेवटचा तास तर रस्ता असा अरुंद की आपल्या अनसिंगच्या पांदणीतून एसटी नेल्यासारखं वाटावं. मग एका वळणावर खाली गाव दिसलं. गाव म्हणजे काय, एक उतरता रस्ता, त्याच्या दोन्ही बाजूंना पांढरी, पिवळी, निळी घरं, एक दुकान, एक चर्च, दोन दारूचे गुत्ते आणि खाली बंदर. बंदर म्हणजे समुद्रात घातलेला दगडी हात, त्याच्या कुशीत सात-आठ नावा. लेक बसथांब्यावर उभी होती. जाडजूड कोट, टोपी, आणि त्या सगळ्यात तिच्या आईचं नाक. तिनं माझी पिशवी घेतली आणि म्हणाली, "थंडी वाजते का?" तीन वर्षांनी भेटलेल्या बापाला हे विचारलं. मी म्हणालो, "नाई वाजत." वाजत होती.

तिचं घर दोन खोल्यांचं. जावई तासाभराच्या शहरात कामाला, शुक्रवारी येई आणि रविवारी जाई. गरीब स्वभावाचा पोरगा, माझ्यासमोर टीव्हीचा आवाजसुद्धा बारीक करायचा. लेक सकाळी साडेसातला कामावर जायची ती रात्री आठला परत. आठवड्यातले चार दिवस असं. मधल्या साडेबारा तासांत मी आणि तो पाऊस.

आणि पाऊस तरी कसा? वरून पडत नाही, आडवा येतो. छत्री उघडली की ती उलटी होऊन आपल्यालाच मारते. आपल्याकडे पाऊस आला की माणसं बोलतात, पेरणीचं, वाफशाचं, नाल्याच्या पुराचं. तिथं पाऊस ही बातमीच नव्हती. मी खिडकीपाशी खुर्ची ओढून बसायचो. सकाळी दहाला टपालाची हिरवी गाडी, अकराला कुत्रा घेऊन जाणारी बाई, मग काही नाही. माझ्या आयुष्यात मी इतका वेळ न बोलता कधी राहिलो नव्हतो. बाजारात रोज पहाटे पाचला भाजीच्या ढिगांमध्ये उभा राहून गळा फाडणारा माणूस मी. चौथ्या दिवशी मी स्वतःशीच मोठ्यानं मेथीचा भाव पुकारला, नुसता आवाज शाबूत आहे का ते पाहायला. खोलीत तो आवाज इतका परका वाटला की पुन्हा पुकारला नाही.

दुसऱ्याच दिवशी एक फजिती झाली. दुपारी बंदर काठोकाठ भरलेलं पाहिलं होतं. संध्याकाळी जरा फिरायला म्हणून गेलो तर पाणी गायब. नावा चिखलात कुशीवर पडलेल्या, आणि जिथं पाणी होतं तिथं पक्षी चालत होते. मी जन्मात समुद्र पाहिला नव्हता. भरती-ओहोटी पुस्तकात वाचली होती, पण ती कुठंतरी पुढं मागं होत असेल, अख्खं बंदर कोरडं करत असेल हे डोक्यात आलं नव्हतं. मला वाटलं, कोणीतरी दार उघडलं. आमच्याकडे कालव्याला पाळी येते, पाणी सुटतं, पाणी बंद होतं आणि त्यावरून माणसं एकमेकांची डोकी फोडतात. लेक घरी आल्याबरोबर मी म्हणालो, "बंदरातलं पाणी कोणं सोडलं? खालच्या गावचे लोक असतीन. इथले लोक काही बोलत काहून नाई?" ती दारातच कोट काढता काढता थांबली. मग इतकी हसली की खुर्चीवर बसली. "ते रोजच जाते, बाबा. अन् रोज येते. दोनदा." तीन वर्षांत मी ऐकलेलं तिचं ते पहिलं हसू. मी ओशाळलो, पण मला आणखी काहीतरी चुकीचं बोलून तिला हसवावंसं वाटलं. ठरवून मात्र मला तसं काही सुचलं नाही.

पाऊस उघडला की मी गावाबाहेर जायचो. चढण चढून वर गेलं की सगळा मुलूख दिसतो. तुकड्या तुकड्याची शेतं, आणि प्रत्येक तुकड्याभोवती नुसते दगडावर दगड रचलेली भिंत. चुना नाही, माती नाही. मी एका भिंतीचा दगड हलवून पाहिला, हलला नाही. कोणीतरी जमिनीतून एकेक दगड वेचून हे केलं असणार, आणि तरी खाली हातभर माती. त्या मातीत मेंढ्या, त्यांच्या पाठीवर निळा रंग फासलेला. त्यापलीकडे काळी, पाणथळ, झाड नसलेली जमीन. तिथली ओली माती विटांसारखी कापून वाळवतात आणि थंडीत जाळतात. मी पहिल्यांदा तो धूर हुंगला तेव्हा चक्क थांबलो, मला वाटलं कोणी गोवऱ्या पेटवल्या. एका म्हाताऱ्याला समुद्रातलं शेवाळ ओढून बटाट्याच्या वाफ्यात पसरताना पाहिलं. मी कुंपणाशी उभा राहिलो, त्यानं मान हलवली, मी मान हलवली. मग मीही दोन खोरी शेवाळ पसरलं. आम्ही अर्धा तास शेजारी शेजारी काम केलं आणि एक शब्द बोललो नाही. त्या दीड महिन्यातला तो माझा सगळ्यात चांगला अर्धा तास.

रस्त्यानं जाणारा प्रत्येक गाडीवाला स्टेअरिंगवरचं एक बोट उचलून ओळख दाखवतो. पुऱ्या हाताचा नमस्कार नाही, एकच बोट. सुरुवातीला मला राग आला, एवढी कंजुषी कशाला? नंतर मीच त्या बोटाची वाट बघायला लागलो.

परतीच्या वाटेवर लेकीचा आश्रम लागायचा. खालच्या मजल्यावरच्या एका खिडकीत एक फार म्हातारी बाई बसलेली असे, आणि मला पाहिलं की हात वर करी. मी दोन्ही हात जोडून रामराम घालायचो. लेक म्हणाली, ती मच्छीमाराची विधवा आहे, तिचा मुलगा ऑस्ट्रेलियात असतो, आणि ती रस्त्यानं जाणाऱ्या सगळ्यांनाच हात करते. मला वाटलं होतं, मलाच करते.

ज्यासाठी आलो होतो ते मी पाचव्या दिवशी काढलं. जेवताना म्हणालो, "दिवाळीले चाल माझ्यासंगं. न्याले आलो तुले." ती ताटात बघत म्हणाली, "सुट्टी नाई भेटत." पुढच्या आठवड्यात परत म्हणालो, परत तेच. तिसऱ्यांदा म्हणालो तेव्हा ती उठून भांडी घासायला लागली, घासलेलीच. भांडखोर माणूस समोरच्याचं भांडण ओळखतो. हे सुट्टीचं नव्हतं. माझं परतीचं तिकीट दिवाळीच्या चार दिवस आधीचं होतं, आणि ते जवळ येत चाललं होतं.

मग ती खिडकीतली म्हातारी गेली.

लेक दुपारीच घरी आली, डोळे लाल. म्हणाली, "तिले घरी आणलं हाये. चला." मला कळेना. मेलेल्या माणसाला आश्रमातून घरी कशाला आणायचं? लेकीनं सांगितलं, इथं आणतात. पुढच्या खोलीत ठेवतात, दोन दिवस, तीन दिवस, आणि अख्खं गाव येऊन बसून जातं. मुलगा ऑस्ट्रेलियाहून निघालाय, तो पोचेपर्यंत माती होणार नाही. हे सांगताना ती माझ्याकडे बघत नव्हती, बुटाची नाडी बांधत होती.

घर बंदराच्या वरच्या अंगाला. आत जत्रा. स्वयंपाकघरात चहाच्या किटल्या उकळताहेत, ताटंच्या ताटं पावाचे तुकडे फिरताहेत, माणसं बोलताहेत, एक-दोघं तर हसताहेत. आमच्याकडे मयताच्या घरी चूल पेटत नाही, शेजारी पिठलं-भाकर आणून देतात, आणि इथं मला दारातच कोणीतरी केक दिला. मी मनात म्हणालो, काय माणसं आहेत. लेक मदतीला आत गेली. मी पुढच्या खोलीत गेलो. खिडकीखाली उघड्या पेटीत ती म्हातारी निजलेली, केस नीट विंचरलेले. पेटीच्या बाजूला भिंतीलगत पाच खुर्च्या, चार भरलेल्या, शेवटची रिकामी.

आता आमच्याकडे दुखवट्याला गेलं की उभं राहत नाहीत. आल्या आल्या घरच्या माणसाजवळ बसायचं, अगदी खांद्याला खांदा लागेल असं, आणि काही बोलायचं नाही. उठताना 'येतो' म्हणायचं नाही. मी रीतीप्रमाणे गेलो आणि त्या रिकाम्या खुर्चीत बसलो. शेजारी पन्नाशीची एक बाई होती, म्हातारीची लेक असावी. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा जरा गोंधळला. पण तिनं मला उठवलं नाही.

ती खुर्ची ऑस्ट्रेलियाहून येणाऱ्या मुलासाठी ठेवली होती. हे मला नंतर कळलं.

माणसं रांगेनं आत येत होती. पेटीपाशी थांबायची, म्हातारीच्या हाताला हात लावायची, मग खुर्च्यांपाशी येऊन पहिल्यापासून एकेकाचा हात हातात घ्यायची आणि तेच ते दोन-चार शब्द बोलायची. शेवटी माझ्यापाशी. मला वाटलं, पाहुणा आहे म्हणून हात मिळवताहेत. मी हात दिला. एक, दुसरा, तिसरा. कोणी विचारलं नाही, हा काळा म्हातारा इथं कुठून. एका मच्छीमारानं, ज्याचे पंजे माझ्यापेक्षाही खरबरीत होते, माझा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडलाच नाही. त्याला वाटलं असेल, हाही घरातलाच कोणी. तो शब्दांत काय म्हणाला ते मला कळलं नाही. पण माझी बायको गेली तेव्हा मला असं कोणी धरलं नव्हतं. धरायला कोणाला वेळच दिला नव्हता मी. त्यानंतरच्या बाईनं हात पुढं केला तेव्हा मला तिचं तोंड दिसेना. मी रडत होतो. साधं डोळे पुसणं नाही, हुंदके देऊन, लहान पोरासारखं. शेजारच्या त्या बाईनं, जिची आई समोर पडली होती तिनं, माझ्या पाठीवर हात ठेवला.

लेक कपांचं ताट घेऊन दारात आली ती तिथंच थांबली. मला तिनं रडताना कधीच पाहिलं नव्हतं. आईच्या वेळी तर ती नव्हतीच.

संध्याकाळी आम्ही बंदराच्या भिंतीवर बसलो. पाणी भरत होतं, नावा हळूहळू सरळ होत होत्या. ती म्हणाली, "मले वाटे, तुमाले काही वाटलंच नाई. फोनवर तुमी असे बोलत होते जसं मेथीचा ट्रक भरला अन् गेला." मग ती म्हणाली, "मी यायचीच नाई असं ठरवलं होतं, बाबा. मी येत नाई तोवर आई तिथंच हाये असं वाटते मले. स्वयंपाकघरात. आले का मंग ती नसन." आणि मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून, "पण येते. तुमाले एकट्याले नाई जाऊ देत. चार दिवस का होईना, येते."

मुराळ्याचं काम झालं होतं. त्या रात्री तिनं तिकीट काढलं. मला तीन वर्षांत पहिल्यांदा गाढ झोप लागली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो मुलगा आला. बारीक पाऊस होता. अंगणात सगळं गाव उभं, हातात कप, डोक्यावर टोप्या. गाडी थांबली आणि एक जाडसर, टक्कल पडलेला माणूस उतरला, दोन दिवसांच्या प्रवासानं सुजलेला. कोणी पुढं धावलं नाही. वाट करून दिली फक्त. तो आत गेला, आणि आतली सगळी माणसं, त्याच्या बहिणीसुद्धा, एकामागून एक बाहेर आली. शेवटच्यानं दार ओढून घेतलं. त्याला आईजवळ एकटं सोडलं. पाऊस पडतोय आणि सत्तर-ऐंशी माणसं एका बंद दाराबाहेर न बोलता उभी. कोणालाच घाई नव्हती.

माझी लेक माझ्यापासून चार हातांवर होती. ती त्या दाराकडे बघत होती. रडत नव्हती. नुसती बघत होती, भुकेलं माणूस दुसऱ्याच्या ताटाकडे बघतं तसं. मी तिची नजर पाहिली. झाकली मूठ झाकलेली ठेवायची होती मी. तिकीट निघालं होतं. पण मी तिकडे एकटा जाणार म्हणून माझी कीव करून ती येणार होती, आणि ज्याची कीव करत होती तो माणूस मी नव्हतो.

मी तिला बंदराकडे घेऊन गेलो. भिंतीपर्यंत जाईस्तोवर धीर सुटेल म्हणून वाटेतच बोललो. "पेटी भेटली होती."

"कोणती पेटी?"

"तुह्या आईसाठी. बर्फाची. वाशीमचा माणूस सकाळी म्हणे, पेटी बाहेर गेली. मंग त्याचाच फोन आला अकरा वाजता, का गाडी काढून राह्यलो म्हणून. म्या त्याले नको म्हटलं."

हे सांगायला हवं की त्या दिवशी काय झालं होतं. वैशाखातला दिवस. बायको पहाटे गेली, झोपेतच. लेकीला फोन केला तेव्हा तिच्याकडे रात्र होती. ती एवढंच म्हणाली होती, "परवा सकाळी नागपूरले उतरते. तोवर ठेवा आईले." मी पेटी बघतो म्हणालो. भाऊबंद म्हणत होते, उन्हाचं माती कायले अडवून ठेवता. अकराला पेटी मिळाली, मी नाही म्हटलं, आणि लेकीला सांगितलं की मिळाली नाही. चार वाजता सगळं आटोपलं होतं.

ती म्हणाली, "तुमी मले सांगतलं, पूर्ण जिल्ह्यात नाई."

"खोटं सांगतलं."

"काहून?"

"भ्यालो."

"आईले भ्याले?"

मी मान हलवली. हलवायला नको होती, कारण ते अर्धंच खरं होतं. मेलेल्या माणसाला मी भीत नाही. आदल्या संध्याकाळी बायको म्हणाली होती, छातीत भरून आल्यासारखं होतंय. मी मोटर जळाली म्हणून चिडलेलो होतो. म्हणालो, "पित्त असन, सोडा पी अन् नीज." ती सोडा प्याली आणि निजली. माझी लेक नर्स आहे. ती आली असती, आईजवळ बसली असती, आणि मग तिनं मला विचारलं असतं, कधीपासून दुखत होतं, तुम्ही काय केलं. मी त्या प्रश्नाला भ्यालो होतो. पोरगी पोचायच्या आत मी सगळं जाळून मोकळा झालो.

ते मात्र मी बंदरावर सांगितलं नाही. तेवढी हिंमत उरली नव्हती.

ती पाण्याकडे वळली. मला वाटलं ओरडेल, माझीच लेक ती. तिनं ओरडायला हवं होतं. पण ती हळूच म्हणाली, "आपण दोघं बसलो असतो, बाबा." आणि घराकडे चालायला लागली. मी तिच्यामागून गेलो नाही.

ती माझ्याबरोबर गावी आली नाही. भांडली नाही, अबोलाही धरला नाही. तिकीट रद्द केलं, माझी बॅग भरली, कुरड्यांच्या रिकाम्या डब्यात शेजाऱ्यांसाठी चॉकलेट भरली. बसथांब्यावर माझा मफलर नीट केला. बस वळणावर चढली तेव्हा मी मागं पाहिलं, ती थांबलेली नव्हती, कामाला उशीर होत होता तिला.

मालेगावच्या स्टॅंडवर ओळखीच्यानं विचारलं, "काय हो, लेक नाई आणली?" मी म्हणालो, "सुट्टी नाई भेटली तिले." खोटं बोलायची सवय झाली की ते खऱ्यापेक्षा सोपं पडतं. मुराळी रिकामा परत आला. लक्ष्मीपूजनाला मी दारात एक पणती लावली आणि आठ वाजता निजलो. घरात इतकी शांतता होती की मला तिकडची खिडकी आठवली. तिथं निदान टपालाची गाडी तरी जायची.

भाऊबीजेनंतरच्या रविवारी तिचा फोन आला. कशी आहेस, बरी आहे, असं झालं. मग ती म्हणाली, "चार वाजता अग्नी कोणं देला?" मी म्हणालो, मी. बस, फोन ठेवला. पुढच्या रविवारी विचारलं, "दोन वाजता घरी कोण कोण होतं?" मी एकेक नाव सांगितलं. त्यापुढच्या रविवारी, आंघोळ कोणी घातली. मग, कोणतं लुगडं नेसवलं. हिरवं, जरीचं, तूच पाठवलेलं. तेव्हा मात्र तिनं फोन ठेवला नाही. आम्ही दोघं तसेच फोन धरून बसलो.

हे आता तीन महिने चाललं आहे. रविवारी एक प्रश्न, कधी दोन. नर्स लोक पेशंटची माहिती घेतात तशी ती शेवटापासून मागं मागं जाते आहे, एक तास, दोन तास. अकराच्या पेटीवरून गेली, तिथं ती थांबली नाही. सकाळ झाली. मागच्या रविवारी पहाटेचं विचारलं, तिला हात लावला तेव्हा ती गार होती की कोमट. मी आठवून सांगितलं.

येत्या रविवारी आदली संध्याकाळ आहे. आईला काही त्रास होत होता का, असं ती विचारील. मी हो म्हणणार आहे.